गावात विरोध झाला तर काय करायचं: खान्देशातल्या नव्या विश्वासी माणसासाठी

येशूला मानायला लागून मला चौदा वर्षं झाली. शहादा-दोंडाईचा रस्त्यावर मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पाच-पंचवीस गावांतले शेतकरी ओळखीचे. ओळखीचे असल्यामुळेच बोलणीही भरपूर खाल्ली. घरच्यांची नाराजी, पारावरचे टोमणे, एकदा प्रार्थनेत शिरलेला जमाव आणि पोलीस ठाण्यातला एक अख्खा दिवस, सगळं झालंय. त्यातलं निम्मं टळण्यासारखं होतं. विश्वासात आल्यावर गाणी, वचनं, उपवास-प्रार्थना सगळं शिकवतात. दारात अकरा माणसं मोबाईल धरून उभी राहिली तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते इथं सांगतो.

आधी एक फाईल करा

साधी प्लॅस्टिकची फाईल चालेल. एक संच घरी, दुसरा गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे.

- आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्स
- जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, असेल तर
- ज्या घरात प्रार्थना होते त्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा. घर भाड्याचं असेल तर करारपत्र
- मंडळी (म्हणजे चर्च) नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची प्रत
- बाप्तिस्मा झाला असेल तर त्याचा दाखला आणि 'मी स्वखुशीने' असं लिहिलेलं तुमचं प्रतिज्ञापत्र
- एका वकिलाचा नंबर, कागदावर लिहिलेला. मोबाईल काढून घेतला तर आत साठवलेला नंबर आठवत नाही, स्वानुभव आहे.
- एक दोनशे पानी वही. तिचं काम पुढे येईल.

१. विरोध कोणाचा आहे ते ओळखा

आई रडते तोही विरोध, चहाच्या टपरीवर कोणी चिडवतो तोही आणि बाहेरगावची माणसं गाडी करून येतात तोही. नवीन माणूस तिघांना एकच समजतो आणि 'माझा छळ चाललाय' म्हणून सगळीकडे एकाच सुरात बोलतो. आईला आपला मुलगा हातचा गेल्याचं दुःख आहे. टपरीवाल्याला बहुतेक वेळा कुतूहलच असतं, फक्त विचारायची पद्धत वाकडी. तिसऱ्या लोकांना मात्र तुमच्या उत्तरात रस नसतो, त्यांना व्हिडिओ हवा असतो. आईशी वकिलाच्या भाषेत बोलू नका आणि व्हिडिओ काढणाऱ्याला साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगत बसू नका.

२. घरचा प्रश्न आधी सोडवा

हे सगळ्यात अवघड, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. बाहेरगावी गेलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी घरी येतात, कामाला सुरतेला असले तरी. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. मी विश्वासात आलो त्या वर्षी आईनं विचारलं, "तुनी मूठ मोजू का नको?" मी तेव्हा दोन महिन्यांचा विश्वासी, अंगात नुसता जोश. सगळ्या भावकीसमोर त्या रोटांना नको तो शब्द वापरला. आई काही बोलली नाही, सुपातले गहू तसेच ठेवून आत गेली. पुढची तीन वर्षं ती माझ्या घरी जेवली नाही. हा काही माझा छळ नव्हता. माझ्या जिभेची किंमत होती आणि ती मी फेडली.

आता मी असं करतो. कानबाईच्या आठवडाभर आधी घरी जातो, सण डोक्यावर आल्यावर नाही. आईला एकटीला सांगतो: मी येणार, किराणा आणणार, दळण आणणार, पाहुण्यांना वाढणार, पूजेला हात लावणार नाही आणि देवीपुढचा रोट खाणार नाही. मुठीचं तिला सांगितलं, "तुला मोजायची तर मोज, मी तुझा मुलगा आहेच." यावर आमच्याच मंडळीत दोन मतं आहेत. काहींच्या मते मूठही मोजू देऊ नये. पौलानं करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल जे लिहिलं ते (पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०) पाळकांबरोबर बसून वाचा आणि तुमची रेघ तुम्हीच ओढा. पण ती सणाच्या आधी ओढा आणि प्रेमानं सांगा. ताट समोर आल्यावर ठरवायला गेलात तर एकतर दबून खाल, नाहीतर चिडून बोलाल.

आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) तेच. पितरांची घागर मी भरत नाही, पण बहिणीला आणायला मीच जातो, आंबे मीच आणतो, साडी मीच घेतो. पूर्वी साडी स्वस्तातली घ्यायचो, आता जरा बरी घेतो. धर्म बदलला म्हणून भाऊ कंजूष झाला, असं सासरी ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये.

देव्हाऱ्याबद्दल एवढंच: घर तुमच्या एकट्याच्या नावावर असलं तरी आईवडिलांचे टाक आणि फोटो तुम्ही उचलू नका. ते त्यांचे आहेत. नवऱ्याआधी बायको किंवा बायकोआधी नवरा विश्वासात आला असेल तर घाई आणखीच नडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहत होत्या. त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःला पटल्यावर. एवढ्या मोठ्या कवीला थांबावं लागलं, तर आपण महिनाभरात निकाल का मागावा?

३. पारावरची उत्तरं पाठ करून ठेवा

प्रश्न तीन-चारच असतात. पहिला पैशांचा. मला एका जिभाऊनं भर टपरीवर विचारलं, "कितला भेटनात रे तुले?" मी म्हटलं, "भेटनात नही भो, उलटं दर रविवारले पन्नास रुप्या मन्हाच जातस." टपरी हसली, जिभाऊही हसला आणि चहाचे पैसे त्यानंच दिले. तुम्हाला विनोद जमत नसेल तर साधं खरं सांगा.

दुसरा प्रश्न, "आपले देव खोटे का मग?" हा सापळा आहे, कधी मुद्दाम लावलेला, कधी नकळत. इथं देवांची तुलना सुरू केलीत की संपलं. तुमच्यापुरतं बोला: दारू कशी सुटली, भावाशी अबोला कसा संपला, जे खरोखर घडलं तेवढंच. पेत्रानं पहिल्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं लिहिलंय आणि लगेच पुढे ते सौम्यतेनं द्या असंही. आपले लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात.

"परदेशी धर्म" म्हणाले तर वाद घालू नका. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणलं, बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा. हे माहीत असू द्या, विचारलं तर सांगा.

४. आपल्या बाजूच्या चुका

हे वाचून काहींना राग येईल. येऊ द्या.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत. त्यांची औषधं थांबली तर जीव जाऊ शकतो. वर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे; चमत्काराचा दावा करून उपचार रोखले तर तक्रार होणारच आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

लाऊडस्पीकर परवानगीशिवाय लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा तर मुळीच नाही. दुसऱ्यांची मुलं आईबापाला न विचारता प्रार्थनेला बसवू नका. मदतीचं धान्य, कपडे वाटायचे असतील तर गरज बघून सगळ्यांना वाटा आणि उपासनेच्या जागी, उपासनेच्या वेळी वाटू नका. स्टेटसला कोणाच्या देवाची टिंगल करणारं काही ठेवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल आहे आणि ते आपल्यालाही लागतं.

आणि सरहद्दीचं भान ठेवा. नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. फलाटावर चालता चालता कायदा बदलतो. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा आहे, मध्य प्रदेशचा सध्याचा २०२१ चा; दोन्हींत धर्मांतराबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडच्या प्रक्रिया आणि कडक शिक्षा आहेत. खेतियाच्या किंवा उच्छलच्या नातेवाइकांकडे बाप्तिस्म्याचा कार्यक्रम 'सहज' ठरवू नका. आपल्याकडेही कायद्याची त्या दिवशीची स्थिती वकिलाला विचारून मगच तारीख धरा. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच सांगितलंय. जमावासमोर "आम्हाला हक्क आहे" ओरडण्याआधी दोन्ही वाक्यं माहीत हवीत.

५. दारात जमाव आला तर

आमच्याकडे आले तेव्हा दुसरं गाणं चालू होतं. अकरा जण, त्यातले दोनच आमच्या गावचे. पाळक तरुण होते, त्यांचा हात थरथरत होता. आमच्यातला एक पोरगा काठी घ्यायला मागच्या दारी पळाला. त्याला अडवलं एका म्हाताऱ्या भिल मावशींनी. मग त्या माठाकडे गेल्या, तांब्या भरला आणि सगळ्यात पुढे ओरडणाऱ्यासमोर धरला: "पाणी पी, बेटा. उन्हातून आला." त्यानं प्यायलं नाही. पण ओरडणं क्षणभर थांबलं आणि तेवढ्या वेळात मी ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, लावला. तेव्हापासून आम्ही कामं आधीच वाटून ठेवतो:

एकानंच बोलायचं. शक्यतो घरमालकानं, पाळकानं नाही. पहिलं वाक्य: "भाऊ, हे माझं घर आहे, आम्ही प्रार्थना करतोय. तुमची तक्रार असेल तर पोलिसांना बोलावू, त्यांच्यासमोर बोलू." हेच पुन्हा पुन्हा, त्याच आवाजात.

दुसऱ्यानं ११२ लावायचा आणि पोलीस पाटलांना कळवायचं.

तिसऱ्यानं व्हिडिओ काढायचा, गुपचूप नाही आणि कोणाच्या तोंडासमोर मोबाईल नाचवतही नाही. छातीपाशी धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यांच्या व्हिडिओत मधलाच तुकडा असतो.

बायका, लेकरं, म्हातारी माणसं आतल्या खोलीत. बाकीच्यांनी बसून राहायचं. उभा राहिलेला घोळका दुरून भांडणासारखाच दिसतो.

धक्का मारला, बायबल हिसकावलं तरी हात उचलायचा नाही. इथं एक गैरसमज काढतो. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे मुकं होणं, असं मलाही वाटायचं. पण योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर शिपायानं येशूला थापड मारली, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं की मी काही वाईट बोललो असेन तर दाखव, नसेन तर मला का मारतोस? हात उचलला नाही, प्रश्न मात्र सोडला नाही. फिलिप्पैत पौलानं तर गुपचूप सुटायला नकार दिला आणि आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं, असं ठणकावलं. कायद्याकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कोणी म्हणालं तर त्याला प्रेषितांची कृत्ये १६ वाचायला द्या.

आणि पळावं लागलं तर पळा. एका गावात छळलं तर दुसऱ्या गावी जा, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात खुद्द प्रभूनंच सांगितलंय.

६. पोलीस ठाण्यात

त्या दिवशी मी मोठी चूक केली. संध्याकाळी सहाला एक कागद पुढे आला, "सही करा, घरी जा." भूक लागलेली, बाहेर बायको उभी. न वाचता सही केली. त्यात 'यापुढे गावात असे कार्यक्रम घेणार नाही' असं वाक्य होतं. ते निस्तरायला वकिलाकडे चार चकरा झाल्या.

म्हणून: प्रत्येक कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून मागा, कोऱ्या जागेवर रेघ मारा. तपासात पोलीस जो साक्षीचा जबाब लिहून घेतात त्यावर सही लागतच नाही, कायद्यातच तसं आहे. बाई, पंधरा वर्षांखालचं मूल आणि साठीच्या वरचा माणूस यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी यावं लागतं. अटक झालीच तर कारण विचारा, नातेवाइकाला कळवायला सांगा, वकील मागा. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यावंच लागतं.

तुमची तक्रारही द्या. धार्मिक सभेत व्यत्यय आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. हद्दीचा वाद काढला तर 'झिरो एफआयआर' म्हणा, ती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. नोंदवून घेतली तर प्रत फुकट मिळते, नाही घेतली तर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती फाईलमध्ये लावा. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ठाण्यात आवाज चढवू नका. हवालदाराला दिवसभरात आपल्यासारखी वीस प्रकरणं असतात. तुम्ही सरळ, क्रमानं, तारीख-वेळ सांगून बोललात तर तो निम्मा तुमच्या बाजूला येतो.

७. दाखला, वाळीत आणि दफन

"तुझा जातीचा दाखला जाईल" ही धमकी सर्रास देतात. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. भिल, पावरा, मावची, कोकणी माणूस ख्रिस्ती झाला म्हणून जमातीतून बाहेर जात नाही. ही अट आणा अशी मागणी 'डिलिस्टिंग'च्या नावानं चालते, पण मागणी आणि कायदा यात फरक आहे. अनुसूचित जातीचं मात्र उलट आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर जातो. हे लपवून सवलत घेत राहिलात तर पुढे फार महागात पडेल. बाप्तिस्म्याआधी हा हिशेब डोळे उघडे ठेवून करा. नव्या माणसाला हे न सांगणाऱ्या पाळकांवर माझा राग आहे.

किराणा बंद, गिरणीत दळण बंद, हातपंपावर अडवणूक असं समाजानं ठरवून केलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आठवा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे पानी वही इथं लागते: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण काय म्हणालं, कोणासमोर. त्यात तुमचं मत लिहू नका. पण कायद्याआधी सरपंचांकडे, तंटामुक्ती समितीकडे जाऊन या. आमच्या ओळखीतलं एक प्रकरण सरपंचांच्या ओट्यावर दोन चहांत मिटलं.

दफनाची जागा कोणी जिवंत असतानाच ठरवा. बस्तरमधल्या एका पाळकांचं पार्थिव जानेवारी २०२५ मध्ये वीसेक दिवस शवागारात होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं आणि शेवटी वीस किलोमीटरपेक्षा दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना ठेवावं लागलं. नंदुरबार, नवापूर, धुळे, भुसावळ इथल्या जुन्या मंडळ्यांच्या पाळकांना आजच विचारून ठेवा. मेलेल्या माणसाला दारात ठेवून वाटाघाटी करायची वेळ कोणावर येऊ नये.

८. आतली तयारी

भीती वाटली म्हणून विश्वास कच्चा, असं समजू नका. गेथशेमाने बागेत घाम कोणाला आला होता? जमावासमोर लांब प्रार्थना सुचत नाही. नहेम्यानं राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मधल्या क्षणात प्रार्थना केली, तेवढीच पुरते. मी फक्त "प्रभू, जीभ सांभाळ" म्हणतो.

खरी कसोटी नंतर लागते. त्या घटनेनंतर महिनाभर मी मनातल्या मनात त्या अकरा जणांना उत्तरं देत होतो. मोटारीची गुंडाळी करता करता वेढे चुकायचे, दोनदा तार परत उलगडली. तेव्हा स्तोत्रांतली तक्रारीची स्तोत्रं कामी आली. तिसरं, तेरावं, पंचावन्नावं मोठ्यानं वाचा. राग देवापुढे ओतला की तो पोरांवर निघत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र ओतू नका. तिथून त्याचा स्क्रीनशॉट निघतो. आणि एकटे राहू नका, दर आठवड्याला एका माणसाला तरी खरं काय वाटतंय ते सांगा.

९. दुसऱ्या दिवशी दुकान उघडा

लपून बसू नका. त्याच टपरीवर, त्याच वेळी चहाला जा. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस-कापसावर बोलणं सुरू होतं.

त्या अकरांपैकी गावातले जे दोघे होते, त्यातल्या एकाची विहिरीवरची पाच एचपीची मोटार पुढच्या मार्चमध्ये जळाली. केळी उभी होती, ऊन तापलेलं. तो स्वतः आला नाही, पोराला पाठवलं. अशी वेळ तुमच्याकडे आली तर दर नेहमीचाच लावा. कमी केलात तर त्याला लाच वाटेल, जास्त लावलात तर तुम्हाला झोप येणार नाही. तांब्याची तार महाग झाली असेल तर ते आधीच सांगा. मी रात्री बारापर्यंत बसून गुंडाळी केली आणि सकाळी सहाला मोटार दिली, कारण केळी दोन दिवस थांबत नाहीत.